विकी प्रणाली : प्रवेशनियंत्रण व अर्थाधारित माहितीरचना

विकी प्रणाली : पृष्ठ वाचत असतानाच त्यातील मजकुरात भर घालण्याची, दुरुस्ती करण्याची व इतर पृष्ठांशी त्याचे दुवे जोडण्याची सोय वाचकाला देणारी संगणकीय आज्ञावली. अशा प्रणालीतील कोणते पृष्ठ कोणी वाचावे व कोणी बदलावे हे ठरविणाऱ्या योजनेला प्रवेशनियंत्रण म्हणतात. पृष्ठांवरील मजकुरात असलेली तथ्ये संगणकाला अर्थासह ओळखता यावीत अशा रीतीने मांडण्याच्या पद्धतीला अर्थाधारित माहितीरचना ही संज्ञा आहे. प्रवेशनियंत्रणाचे एकक सामान्यतः पृष्ठ हे असते. अर्थाधारित रचनेचे एकक एकेक विधान हे असते. या दोन एककांतील तफावत हा विकी प्रणालींच्या रचनेतील एक मूलभूत प्रश्न असून रुग्णालये, संशोधनसंस्था, शासकीय खाती इत्यादींच्या अंतर्गत कामकाजात विकीचा वापर होऊ लागल्यापासून त्याला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

उगम व विकास : वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ञांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘विकिविकिवेब’ ही पहिली विकी इंटरनेटवर खुली केली. आज्ञावलीलेखनातील अनुभवसिद्ध आकृतिबंधांची व्यावसायिकांनी एकत्रितपणे नोंद करावी, हा तिचा हेतू होता. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे ‘जलद’. होनोलूलू विमानतळावरील ‘विकी विकी’ या बसगाडीच्या नावावरून त्यांनी हा शब्द घेतला. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचा आरंभ झाला. प्रारंभी त्यासाठी ‘यूजमॉडविकी’ ही आज्ञावली वापरात होती. २००२ च्या आरंभी माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेली नवी आज्ञावली तिच्या जागी आली व त्याच वर्षी ली डॅनिएल क्रॉकर यांनी तिचे पुनर्लेखन केले. या पुनर्लिखित आज्ञावलीला पुढे ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. सदस्य, प्रचालक, साचा, वर्ग, नामविश्व, चर्चापान इ. पारिभाषिक शब्द त्याच्यामुळे मराठीत रूढ झाले असून प्रस्तुत नोंदीत त्यांपैकी काहींचा उपयोग केला आहे.

सार्वजनिक विकीबरोबरच संस्थांतर्गत उपयोगासाठीही अनेक प्रणाली निर्माण झाल्या. पीटर थोनी यांची ‘ट्विकी’ (१९९८), आंद्रेआस गोर यांची ‘डोकुविकी’ (२००४) व अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीची ‘कॉन्फ्लुअन्स’ (२००४) ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. सार्वजनिक विकीत वाचन सर्वांना मुक्त असते व प्रश्न असतो तो लेखनाचा. संस्थांतर्गत विकीत वाचनाचाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसले, तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे.

लेखनाचे नियंत्रण : विकीमध्ये कोणीही लिहू शकत असूनही ती टिकून राहते, याचे कारण तिच्या इतिहासनोंदीत आहे. प्रत्येक बदलानंतर पृष्ठाची नवी आवृत्ती तयार होते आणि जुनी आवृत्ती, बदल करणाऱ्याचे नाव वा संगणकीय ओळख व वेळ यांसह जपून ठेवली जाते. त्यामुळे मजकूर बिघडविण्यास जितका वेळ लागतो, त्यापेक्षाही कमी वेळात तो पूर्ववत करता येतो. दाराला कुलूप लावण्याऐवजी झालेले नुकसान सहज भरून काढण्याची व्यवस्था करणे, हे विकीचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व सर्वत्र पुरे पडत नाही. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारांच्या चरित्रात एका अनामिकाने खोटा मजकूर घातला. केनेडी बंधूंच्या हत्यांशी सीगेन्थालर यांचा संबंध असावा, असे त्यात सुचविले होते. हा मजकूर सुमारे चार महिने कोणाच्या लक्षात आला नाही. चूक दुरुस्त करणे सोपे असले, तरी ती प्रथम कोणाच्या तरी नजरेस पडावी लागते, हे या प्रकरणाने स्पष्ट झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियावर अनोंदणीकृत व्यक्तींना नवे लेख निर्माण करण्यास मनाई करण्यात आली. अंशतः सुरक्षित पृष्ठांची पद्धतही त्याच महिन्यात अंमलात आली.

अशा पृष्ठांवर केवळ परिचित सदस्यांना लिहिता येते. इंग्रजी विकिपीडियावर सामान्यतः ४ दिवस जुने खाते व १० संपादने एवढी पात्रता त्यासाठी पुरते. विशेष वादग्रस्त विषयांकरिता ३० दिवस व ५०० संपादने अशी अधिक कडक अट आहे. पूर्ण सुरक्षित पृष्ठ फक्त प्रचालकांना बदलता येते.

पृष्ठाला लावलेले कुलूप पृष्ठावर दिसणाऱ्या सर्वच मजकुराला लागू पडत नाही, ही अडचणही लवकरच ध्यानात आली. विकीतील पृष्ठ इतर पृष्ठांतील मजकूर आपल्यात ओढून घेऊ शकते. अशा पुनःपुन्हा वापरावयाच्या मजकुराच्या पृष्ठाला साचा म्हणतात. मुखपृष्ठ सुरक्षित केले, पण त्यात वापरलेला साचा खुला राहिला, तर साच्यात बदल करून मुखपृष्ठ विद्रूप करता येते. यावर उपाय म्हणून मीडियाविकीमध्ये एका पृष्ठाचे संरक्षण त्यातील सर्व साच्यांपर्यंत आपोआप पोहोचविण्याची सोय करण्यात आली.

वाचनाचे नियंत्रण : संगणकातील माहिती कोणाला उपलब्ध व्हावी, याचा शास्त्रीय विचार विकीच्या आधीपासून झालेला आहे. १९६०–७० या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीत प्रत्येक संचिकेसोबत अधिकारी व्यक्तींची यादी ठेवण्यात येई. बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये अधिकारांची सारणी ही कल्पना मांडली. सारणीच्या प्रत्येक ओळीत एक वापरकर्ता, प्रत्येक स्तंभात एक वस्तू व त्यांच्या छेदाच्या चौकोनात त्या वापरकर्त्याला त्या वस्तूबाबत असलेले अधिकार, असे तिचे स्वरूप आहे. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी संरक्षणाची जी तत्त्वे सांगितली, त्यांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत : प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत, स्पष्ट परवानगी नसेल तेथे नकार गृहीत धरावा, आणि प्रत्येक वस्तूकडे होणाऱ्या प्रत्येक प्रवेशाची तपासणी व्हावी. १९९२ मध्ये डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कून यांनी अधिकार व्यक्तीऐवजी तिच्या भूमिकेशी जोडण्याची पद्धत सूत्रबद्ध केली. तीमुळे कर्मचारी बदलला तरी अधिकारांची यादी नव्याने करावी लागत नाही.

विकी प्रणालींनी यांतील निरनिराळ्या कल्पना स्वीकारल्या. डोकुविकीत प्रत्येक पृष्ठासाठी वा नामविश्वासाठी अधिकारांची यादी असते व अधिकार अंकांनी दर्शविले जातात : वाचन १, संपादन २, नवे पृष्ठ ४, संचिका चढविणे ८ व काढून टाकणे १६. वरचा अधिकार असलेल्यास खालचे अधिकार आपोआप मिळतात. कॉन्फ्लुअन्समध्ये एखाद्या पृष्ठाच्या वाचनावर घातलेले बंधन त्याच्या उपपृष्ठांनाही लागू होते. मीडियाविकीमध्ये मात्र अधिकार सदस्यगटांना दिलेले असून ते बहुतांशी संपूर्ण विकीपुरते असतात. ही आज्ञावली सर्वांना वाचनासाठी खुल्या असलेल्या ज्ञानकोशाकरिता लिहिली गेली. ठराविक पृष्ठे ठराविक वाचकांपासून लपविणे हा तिचा उद्देश नाही व त्यावर विसंबू नये, असा इशारा तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच दिलेला आहे.

या इशाऱ्याचे कारण असे, की पृष्ठापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच नसतो. पृष्ठ थेट उघडण्यास बंदी असली, तरी तोच मजकूर साचा म्हणून दुसऱ्या पृष्ठात ओढून घेता येतो. शोधाच्या निकालात त्याच्या काही ओळी दिसू शकतात. अलीकडील बदलांच्या यादीत त्याचे शीर्षक व बदलाचा सारांश दिसतो. निर्यातीच्या व यंत्रांसाठी ठेवलेल्या मार्गांनीही तो बाहेर पडू शकतो. प्रत्येक प्रवेशाची तपासणी व्हावी हे तत्त्व पाळावयाचे, तर या सर्व वाटांवर पहारा हवा. मूळ रचनेत ज्याची कल्पना नव्हती, तो पहारा नंतर बसविताना एखादी वाट राहून जाण्याचा संभव असतो.

लेखन व वाचन यांच्या नियंत्रणातील मुख्य भेद येथे दिसतो. चुकीचे लेखन मागे घेता येते; पण एकदा झालेले वाचन मागे घेता येत नाही. विकीचे सर्व सामर्थ्य पूर्वस्थितीवर परत येण्यात आहे, आणि गुपित फुटल्यावर पूर्वस्थिती नसते. किंबहुना इतिहासनोंद येथे प्रतिकूलच ठरते. कारण काढून टाकलेला मजकूर जुन्या आवृत्तीत शिल्लक राहतो. म्हणून विशिष्ट आवृत्तीच दडविण्याची वेगळी सोय मीडियाविकीमध्ये करावी लागली.

अर्थाधारित माहितीरचना : ‘गुजरात राज्याची राजधानी गांधीनगर आहे’ हे वाक्य माणसाला समजते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती केवळ अक्षरांची मालिका असते. हेच वाक्य विषय (गुजरात), गुणधर्म (राजधानी) व मूल्य (गांधीनगर) अशा तीन पदांत विभागले, म्हणजे त्यावर यंत्राला प्रक्रिया करता येते. अशा त्रिपदी विधानांची प्रमाणित पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संघटनेने १९९९ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तत्पूर्वी एडगर कॉड यांचे संबंधात्मक प्रतिमान (१९७०) व पीटर चेन यांचे वस्तु-संबंध प्रतिमान (१९७६) यांनी माहितीच्या काटेकोर मांडणीचा पाया घातला होता. तथापि त्यांत माहितीचा आराखडा आधी व माहिती नंतर, असा क्रम असतो. विकीच्या मुक्त वृत्तीशी हा क्रम जुळत नाही; तेथे आराखडाही लेखकांच्या हातून हळूहळू घडत जातो.

मार्कुस क्रोट्श, डेनी व्रान्देचिच व माक्स फ्योल्केल या कार्ल्सरूए येथील संशोधकांच्या प्रयत्नांतून २००५ मध्ये ‘सिमँटिक मीडियाविकी’ ही पूरक आज्ञावली प्रसिद्ध झाली. साध्या दुव्याला गुणधर्माचे नाव जोडणे, ही तिची मुख्य कल्पना होय. गुजरातच्या पृष्ठावर लेखक [[राजधानी::गांधीनगर]] असे लिहितो. वाचकाला नेहमीचा दुवा दिसतो व संगणकाच्या संग्रहात एका विधानाची भर पडते. मग ‘भारतातील सर्व राज्ये व त्यांच्या राजधान्या’ अशी पृच्छा कोणत्याही पृष्ठावर लिहिता येते व तिचे उत्तर सारणीच्या रूपाने आपोआप तयार होते. एरवी अशी यादी हाताने करावी लागते व ती लवकरच कालबाह्य होते.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विकिडाटा’ हा प्रकल्प विकिमीडिया जर्मनी या संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. त्यात मजकूर गौण असून विधानांचा संग्रह हाच मुख्य आहे. प्रत्येक विषयाला भाषानिरपेक्ष क्रमांक असतो, उदा., पृथ्वीचा क्रमांक ‘क्यू २’ आहे. मराठी, गुजराती, जर्मन इ. भाषांतील नावे त्याला जोडलेली असतात. पूर्वी एकच विषय १०० भाषांच्या विकिपीडियांत असला, तर प्रत्येक लेखात इतर ९९ लेखांचे दुवे, म्हणजे एकूण ९,९०० दुवे सांभाळावे लागत. विकिडाटामुळे त्यांची जागा एका सामायिक नोंदीने घेतली. हंगेरियन विकिपीडियाने जानेवारी २०१३ मध्ये ही सोय प्रथम स्वीकारली. विकिडाटातील नोंदींची संख्या आता १० कोटींहून अधिक झाली आहे.

केवळ तीन पदांनी सर्व सत्य सांगता येत नाही. गुजरातची राजधानी राज्यस्थापनेच्या वेळी, म्हणजे १९६० मध्ये, अहमदाबाद होती व १९७० मध्ये ती गांधीनगरला गेली. दोन्ही विधाने आपापल्या काळापुरती खरी आहेत. म्हणून विकिडाटातील विधानाला आरंभ व अखेर यांचे काळ दर्शविणारी विशेषणे, आधारभूत साधनाचा निर्देश व प्राधान्याची श्रेणी जोडता येते. जुने पण खरे विधान पुसले जात नाही. चालू विधानाला वरची श्रेणी दिली जाते. गुणधर्मांच्या वापरावर घातलेले नियम सामान्यतः सल्लावजा असतात. नियमाशी न जुळणारे विधान नोंदविले जाते, परंतु ते तपासणीसाठी दर्शविले जाते.

दोन योजनांतील विरोध : पृष्ठाचे विधानांत विघटन झाले, की पृष्ठाला लावलेल्या कुलपाचा अर्थ बदलतो. समजा, एका रुग्णालयाच्या अंतर्गत विकीत प्रत्येक रुग्णाचे एक पृष्ठ असून ते केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वाचता येते. पृष्ठावर विभाग, निदान, दाखल झाल्याची तारीख इ. गुणधर्म नोंदलेले आहेत. ही विधाने सामायिक संग्रहात जातात. ‘या आठवड्यात दाखल झालेले रुग्ण व त्यांची निदाने’ अशी पृच्छा एखाद्या खुल्या पृष्ठावर लिहिली गेली व उत्तर देताना वाचकाचा अधिकार तपासला गेला नाही, तर बंद पृष्ठ न उघडताच त्यातील सर्वांत नाजूक तथ्य सर्वांना दिसते.

अधिकार तपासला, तरी प्रश्न पुरता सुटत नाही. वेग राखण्यासाठी विकी प्रणाली पृष्ठाचे दृश्य रूप एकदा तयार करून साठवते व पुढील वाचकांना तीच प्रत देते. ही पद्धत सर्वांना एकच पृष्ठ दिसते या गृहीतावर उभी आहे. पृच्छेचे उत्तर वाचकागणिक बदलू लागले, की गृहीत मोडते : डॉक्टरांनी पृष्ठ उघडल्यावर साठविलेली प्रत नंतर लिपिकालाही दिसू शकते. वाचकागणिक वेगळी प्रत करावी, तर साठवणीचा लाभ उरत नाही.

तिसरी अडचण अनुमानाची. पृच्छेतून नावे वगळून केवळ संख्या दिली, तरी काल १२ असलेली संख्या आज ११ झाली व त्या दिवशी कोण घरी गेले हे ठाऊक असले, तर त्याचे निदान उघड होते. सांख्यिकीय माहितीसंग्रहांच्या संदर्भात १९७०–८० या दशकापासून या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेच्या आधारे असे दाखविले, की पाच अंकी टपाल विभाग, जन्मतारीख व लिंग या तीन गोष्टींवरून त्या देशातील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे होते. सुटे असताना निरुपद्रवी वाटणारे तथ्य जोडणीमुळे उपद्रवी होते. आणि तथ्यांची जोडणी सुलभ करणे हाच तर अर्थाधारित रचनेचा हेतू आहे.

लेखनाच्या बाजूनेही हा विरोध आढळतो. एखाद्या विकिपीडियातील लेख सुरक्षित असला, तरी त्याच्या चौकटीतील जन्मतारीख विकिडाटातून येत असेल व तेथील नोंद खुली असेल, तर लेखाला स्पर्श न करता त्यातील तारीख बदलता येते. शिवाय ती अनेक भाषांत एकाच वेळी बदलते. अर्थात अचूक दुरुस्तीही तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते, हे विसरून चालणार नाही.

उपाययोजना : या विरोधावर तीन प्रकारचे उपाय योजले जातात. पहिला उपाय विभक्त संग्रहांचा होय. अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थांनी मीडियाविकीवर उभारलेली ‘इंटेलिपीडिया’ २००६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात पृष्ठागणिक कुलपे लावण्याऐवजी अतिगुप्त, गुप्त व अवर्गीकृत अशा तीन स्तरांसाठी तीन स्वतंत्र जाळ्यांवर तीन स्वतंत्र विकी ठेवण्यात आल्या. स्तराच्या आत वाचन मोकळे व प्रत्येक संपादन लेखकाच्या ओळखीसह, अशी ही रचना आहे. ती सुरक्षित आहे; पण स्तर ओलांडून जाणारी पृच्छा तीत करता येत नाही, ही तिची मर्यादा होय.

दुसरा उपाय पहारा पृष्ठावरून विधानावर नेण्याचा. प्रत्येक विधानासोबत ते कोणाला दिसावे याची नोंद ठेवावयाची व पृच्छेचे उत्तर तयार होतानाच ती तपासावयाची. तत्त्वतः हा सर्वांत नेमका उपाय असला, तरी विधानांच्या संख्येबरोबर नियमांची संख्या व उत्तराला लागणारा वेळ वाढतो. शिवाय कोणता नियम कोठे लागू आहे, हे सामान्य लेखकाला कळेनासे होते आणि त्यामुळे चुका संभवतात.

तिसरा उपाय संयमाचा आहे. विकिडाटातील माहिती कोणालाही विनाअट वापरता येते. साहजिकच जे सर्वांनी वाचू नये ते तेथे मुळात नोंदवूच नये, असा तेथील संकेत आहे; हयात व्यक्तींविषयी खाजगी स्वरूपाची व उघड आधार नसलेली विधाने टाळावीत, अशी अपेक्षा असते. संस्थांतर्गत विकीतही नाजूक माहिती स्वतंत्र प्रणालीत ठेवून विकीत केवळ तिच्याकडे जाणारा दुवा देणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. दुवा उघडताना मूळ प्रणाली आपले नियम लावते व विकीच्या संग्रहात गुपित शिरत नाही.

कोणता उपाय निवडावा, हे चूक झाल्यास ती सुधारता येईल की नाही यावर अवलंबून असते. जी माहिती बिघडली तर दुरुस्त करता येते, तिच्यासाठी विकीचा मोकळेपणा हेच उत्तम संरक्षण होय. जी माहिती उघड झाली तर कोणाच्या जीविताला, नोकरीला वा अब्रूला धोका पोहोचेल, तिची वर्गवारी पहिले विधान नोंदविण्यापूर्वी झाली पाहिजे. रचना आधी उभारून कुलपे मागाहून बसविण्याची रीत अशा माहितीच्या बाबतीत अपुरी पडते. [→ ज्ञानकोश, संगणक].